सफेदा

टाईनच्या काठी, न्यूकॅसलला,
थर्लबी कलादालनाच्या तळघरात
मी एका बाईचा एक्स-रे काढते आहे.
ऑगस्टा थर्लबी, लग्नाच्या पोशाखात, अठराशे चौऱ्याऐंशी.
चेहरा फिल्मवर पुसट, कुणाचाही असू शकेल.
झगा मात्र लखलखतो:
लेस, चुण्या, बाहीचा फुगा,
सगळं हाडासारखं पांढरं,
कारण किरणांना शिसं ओलांडता येत नाही.

रंग सासरच्याच कारखान्यातला.
चित्रकाराला डबे फुकट दिले, तशी नोंद आहे.

कृती सोपी होती.
मातीच्या कुंड्यांत व्हिनेगर,
वर शिशाच्या पट्ट्या,
भोवती घोड्याची ताजी लीद, उबेसाठी.
दारं बंद. तीन महिने.
मग पट्ट्यांवर सफेदा फुलून यायचा
आणि तो उचलायला बायका.
पुरुष महाग पडत.

हॅना डॉड्स, वय एकोणीस.
डोक्यावर तबक, तोंडाला फडकं, शिडीच्या अकरा पायऱ्या.
सकाळी कंपनीतर्फे एक पाव आणि कोको
(घराण्याच्या दानधर्माची ही पहिली नोंद).
फेब्रुवारीत हिरडीवर निळी रेघ.
एप्रिलात झटके.
पुढच्या ओळीवर दुसरीचं नाव,
अक्षर तेच, शाईही तीच.

आज थर्लबी फाउंडेशन
लहान मुलांच्या इस्पितळाला देतं,
नदीकाठच्या बाकांना, आंधळ्यांच्या वाद्यवृंदाला देतं,
मला देतं:
पगार, व्हिसाचं पत्र, या यंत्राचा हप्ता.
आई फोनवर विचारते, एवढं वाटतात,
भली माणसं असतील नाही गं?
भलीच आहेत, आई. खरंच.
फिलिपा गार्थ, त्यांची विश्वस्त,
माझ्या बाळंतपणात डबा घेऊन आली होती,
गाजराचं सूप, वर झाकणाला बांधलेला रुमाल.

ज्याचं मीठ खावं त्याला जागावं.
शिशाचंही एक मीठ असतं, रसायनशास्त्रात.
ते चवीला गोड लागतं.

चित्राशेजारच्या पाटीला साठ शब्दांची मुभा.
मी अठ्ठावन्नांत बसवलं, हॅनासकट.
फिलिपाचं उत्तर आलं, अतिशय नम्र:
‘बायका मेल्या’च्या जागी
‘कामाची परिस्थिती खडतर होती’ चालेल का?
आणि एकच नाव का घ्यायचं, इतरांवर अन्याय नको.

इतरांवर.
वहीत दोनशे चौदा आहेत, मी मोजल्या.

आमच्याकडच्या जुन्या शास्त्रात
शिसं वितळवून कानात ओतायची आज्ञा होती,
ज्यांनी ऐकू नये त्यांनी ऐकलं तर.
माझ्या पणजोबांच्या पिढीला ती तोंडपाठ होती,
वेद न ऐकताच.
इथे शिसं जवसाच्या तेलात घोटलं,
लोकांनी बघत राहावं म्हणून.

मी पाटी बदलली का?
बदलली. सही केली. मुलीला पाळणाघरातून आणायचं होतं.

पण गुरुवारच्या मेजवानीआधी,
चित्र वर न्यायच्या आदल्या संध्याकाळी,
कॅनव्हास पालथा घातला.
मागच्या लाकडी चौकटीवर आम्ही नोंदी करतो,
तारीख, डागडुजी, कुणी केली,
जिथे पाहुणे कधी बघत नाहीत.
शिसपेन्सिलीने लिहायला घेतलं. (हिच्यात शिसं नसतंच,
नाव तेवढं राहिलंय.)
डॉड्स, हॅना. एलियट, मेरी अ‍ॅन.
टर्नबुल, सेरा. दुसरी टर्नबुल, बहीण असावी.
एकोणतिसाव्या नावाला चौकट संपली.

आता ती वर लटकते आहे, दक्षिणेच्या भिंतीवर,
तिच्यासमोर ग्लास हातात घेऊन लोक उभे असतात.
केवढा पांढरा आहे, म्हणतात,
दीडशे वर्षं होत आली, तरी जरा पिवळा पडला नाही.

मी सांगते, हो, टिकाऊ असतो.